गोणपाट, एक नग

गारखेड्यातल्या त्या शाळेला स्वच्छ हवेचं पहिलं बक्षीस मिळालं. बरं, मिळालंच नाही असं समजू. शाळेतही सगळे तसंच समजतात. ढाल कपाटामागं भिंतीकडं तोंड करून उभी आहे.

तर नववीतली संस्कृती खिडकीशी बसायची आणि तिचा एक पाय सारखा हलत असायचा. शुक्रवारी शाळेच्याच मैदानावर जिल्ह्याच्या खो-खो संघाची निवड होती आणि मैदान अकरा दिवस बंद होतं. दुष्काळ होता, नळ दहा दिवसांनी यायचा, म्हणून नवी पाइपलाइन टाकायला शाळेसमोरचा रस्ता अर्धा खोदला होता. पाणी काही आलं नाही. धूळ मात्र रोज वेळेवर हजर. फाटकावर हवा मोजायची पेटी बसवली होती. तिचा दिवा लाल असला की मैदान बंद, असा वरून आदेश. हिरवा दिवा अजून कुणी पाहिला नव्हता.

सोमवारी दुपारी तो हिरवा झाला. संस्कृती धावत फाटकाशी गेली. शिपाई कडुबामामांनी पेटीला ओलं गोणपाट गुंडाळलं होतं.

"मामा, हे काय?"

"लई तापलं होतं बिचारं, पार लालभडक. घरी माठाला गुंडाळतोत ना, तसं गुंडाळलं. झालं का नाय थंड?"

पेटी धूळ मोजते, ताप नाही, हे संस्कृतीला पक्कं ठाऊक होतं. तिनं गुपचूप आपल्या बाटलीतलं पाणी गोणपाटावर ओतलं. "वाळू देऊ नका, मामा."

मैदान उघडलं. पळताना तिला ढास लागायची, छातीत शिट्टी वाजायची. एकदा ती शिट्टी ऐकून सगळ्या पोरी जागच्या जागी थांबल्या; त्यांना वाटलं, डाव संपला.

बुधवारी महापालिकेकडून स्वच्छ हवेची ढाल आली. मुख्याध्यापक सदाशिव सर ती छातीशी धरून फोटोला उभे राहिले. फोटोत धुळीमुळं फक्त ढाल आली. गुरुवारी महापालिकेचंच पत्र आलं: शहरातली सर्वांत शुद्ध हवा याच रस्त्यावर आढळल्यामुळं आणि तीत आणखी बरीच धूळ मावण्यासारखी असल्यामुळं, बिडकीनच्या नव्या कारखान्यांकडं मुरूम नेणारे सगळे डंपर आता इथूनच जातील.

शुक्रवारी ते जात होतेच. संस्कृतीला खो मिळाला, ती सुटली, खांबाला वळसा घातला आणि तिथंच वाकली. खिशातला दम्याचा पंप तोंडाशी नेईस्तोवर निवडीला आलेल्या बाईंनी तिचं नाव खोडलं होतं.

"पळते छान गं, पण दम नाही," बाई म्हणाल्या. "एवढ्या चांगल्या हवेत ही गत!"

संस्कृती फाटकाशी गेली. "मामा, काढा ते गोणपाट."

"तापंल की, पोरी."

"तापू द्या."

दिवा लाल झाला. सदाशिव सर म्हणाले, पेटी बिघडली. मग संस्कृतीनं वहीचं पान फाडून महापालिकेला अर्ज लिहिला:

"महोदय, गोणपाटावर पाणी मीच ओतलं होतं. गोणपाट, एक नग, ओलं, सोबत जोडलं आहे. तरी आमचं पहिलं बक्षीस परत घेऊन हवा खराब असल्याचं शिक्क्यानिशी प्रमाणपत्र द्यावं, आणि शाळेत हवा येईल त्या दिवशी माझी निवड पुन्हा घ्यावी, ही नम्र विनंती."