एकाच बाईची लस

मित्रांनो, मी एक जुना, निळा, लशीचा डबा आहे आणि मला बोटाएवढ्या एका बाटलीचा हेवा वाटतो. आधीच कबूल केलेलं बरं.

आरोग्यसेविका नूतनताईंनी बारा वर्षं मला खांद्याला लावून हिर्डोशीच्या वाड्यावस्त्या पायी पालथ्या घातल्या. प्रत्येक आईसपॅक त्या आधी कानाशी हलवून बघत. आत पाणी खळखळलं तरच तो माझ्या पोटात जाई, नाहीतर लस गोठून वाया जाते. मला बघून पोरं घरामागं पळत आणि आया माझ्यासाठी सावलीतली जागा झाडून देत. माझा तोरा काय वर्णावा!

शेवटच्या वर्षी नूतनताईंचं पोट फुगू लागलं. चालताना मी त्यालाच घासत असे, म्हणून मला ते सगळ्यांच्या आधी कळलं. दोन घास खाल्ले की त्यांचं पोट गच्च व्हायचं. "गॅस झालाय," म्हणत त्या पुढची वस्ती गाठायच्या. अखेर पुण्याला तपासलं, तेव्हा अंडाशयाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, केमो झाली, केस गेले. पट्टा तुटला म्हणून मलाही भंगारात काढलं होतं. नूतनताईंनी मला घरी आणलं. सासूबाई अंबूबाईंनी माझ्यात अंडी ठेवली.

मग त्या लशीची बातमी आली. नूतनताईंच्याच गाठीचा तुकडा तपासून, फक्त त्यांच्यासाठी बनवलेली. आजार पुन्हा उलटू नये म्हणून. अजून प्रयोगातली.

शेजारच्या सखूबाईंनी विचारलं, "त्यातली थोडी आमाला बी मिळंल का वं?"

"न्हाई मावशी, ती माझ्या एकटीच्याच कामाची," नूतनताई हसून म्हणाल्या.

माझा नुसता जळफळाट झाला. हजारो पोरांची लस मी वाहिली, तरी माझं कुणी नाव घेत नाही. आणि या एकीच्या लशीचं गावभर कौतुक!

लस म्हटली की डबा लागणारच, अशी अंबूबाईंची पक्की समजूत. त्यांनी अंडी काढून मला घासलं, बर्फ भरला आणि मुलाला, म्हणजे नूतनताईंच्या नवऱ्याला, कुमारला बजावलं, "ह्यो डबा घिऊन जा. रिकाम्या हातानं जाऊ नगंस."

भोरहून एस.टी.त नूतनताईंच्या शेजारी मी कुमारच्या मांडीवर ऐटीत बसलो. पुण्याच्या दवाखान्यातली नर्स मला बघून म्हणाली, "दादा, ही लस यात टिकायची नाही. हिला कितीतरी जास्त थंडी लागते." कुमारनं मला खुर्चीखाली सरकवलं. खोटं कशाला सांगू? ही लस फुकट जावी, असं माझ्या मनात आलं.

तेवढ्यात ती बाटली आली. इतक्या जणांना सुया टोचलेल्या नूतनताईंनी बाही वर केली आणि मान दुसरीकडे फिरवली.

"गुण यील ना?" कुमारनं विचारलं.

"यावा म्हणूनच देतोय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण खात्री मला देता येणार नाही."

कुमारनं खाली वाकून माझं झाकण घट्ट धरलं. आपण काय चिंतलं होतं ते आठवून माझी मलाच लाज वाटली.

मित्रांनो, हेवा अजून गेलेला नाही. त्या बाटलीनं नूतनताईंना वाचवावं आणि सगळं नाव तिनंच घ्यावं. मी जळत बसायला तयार आहे. पण तुमची आई "गॅस झालाय" म्हणत आठवडेच्या आठवडे फुगलेलं पोट घेऊन राबत असेल, तर तिचा हात धरून तिला दवाखान्यात न्या. मी वर्षभर नूतनताईंच्या पोटाला लागून होतो, आणि मला बोलता येत नव्हतं.