भुऱ्याचा वाटा

ललिताबाई ओव्हाळ पार्किंगमधल्या जास्वंदीच्या कुंड्या काठीने एकेक करून उकरत होत्या. माती फरशीवर सांडली होती. जिन्यातून उतरणाऱ्या सेक्रेटरींनी विचारलं,

"काही हरवलंय का?"

"हो. माणुसकी. दिसली तर सांगा."

सेक्रेटरी न थांबता स्कूटरकडे गेले.

त्यांचा कुत्रा भुऱ्या जाऊन आठवडाही झाला नव्हता. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यापासून ललिताबाईंना घरात बोलायला तोच होता, आणि त्यांचं सगळं मुकाट्याने ऐकून घेणारा बिबवेवाडीत दुसरा कुणी नव्हता. आधी उलट्या झाल्या, मग लघवी बंद झाली. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडं निकामी झालीत, पोटात काहीतरी गेलंय. उंदरांचं औषध, द्राक्षं, मनुका, चॉकलेट, यातलं काही? "माझ्या घरात यातलं काहीच नसतं," असं सांगून ललिताबाई त्यातलं उंदरांचं औषध तेवढं डोक्यात घेऊन परतल्या.

ते घालणारा शोधायला लांब जायची गरजच नव्हती. समोरचे दत्तोबा पोकळे. इमारतीखालची जमीन एके काळी त्यांची. मोबदल्यात मिळालेल्या फ्लॅटमध्ये ते एकटे राहत आणि अख्खी इमारत आपलीच असल्यासारखे वागत. भुऱ्याच्या भुंकण्याची तक्रार सोसायटीच्या बैठकीत त्यांनीच केली होती. श्रावण लागल्यापासून मात्र तक्रार बंद झाली, उलट भुऱ्याच संध्याकाळी त्यांच्या दारापाशी जाऊन बसायला लागला. एकदा ललिताबाईंनी अचानक दार उघडलं, तेव्हा दत्तोबांनी हातातली वाटी पटकन उपरण्याखाली घेतली होती. तेव्हा त्यांना हसू आलं होतं. आता नुसत्या आठवणीने अंगाची आग होत होती. वाटी लपवायचं कारण काय? आणि भुऱ्या गेल्यापासून हा माणूस नजर का चुकवतो?

कुंड्यांत उंदरांचं औषध काही सापडलं नाही. संध्याकाळी त्या पोलीस चौकीत तक्रार द्यायला निघाल्या. चपला घातल्या, कुलूप लावलं, आणि समोरची बेल दाबली. तोंडावर विचारल्याशिवाय त्यांना चैन पडणार नव्हतं.

दार उघडलं. आतून उदबत्तीचा वास आला. पाटावर पोथी होती आणि दत्तोबांच्या हातात तीच वाटी होती.

"पोकळे, भुऱ्याला काय घालत होतात तुम्ही?"

दत्तोबांचा चेहरा पडला.

"कळलं व्हय तुमाला."

"काय घालत होतात?"

त्यांनी वाटी पुढे केली. वाटीत मनुका होत्या.

"पोथी झाली की ह्यो निवद. एकट्यानं किती खायाचा? पहिल्या दिशी दारात येऊन बसला, पंजा दिला. मंग रोजचंच झालं. मूठभर त्याचा वाटा." त्यांनी पोथीकडे पाहिलं. "तुमच्याकडं देवाचं चालत न्हाई, ठाऊक हाय मला. इचारलं असतं तर नको म्हनला असता. अन् त्यो तर वाट बघत बसायचा. म्हनून लपवून देत व्हतो. चुकलंच माझं."

ललिताबाईंनी दाराची चौकट धरली. शोधायला निघाल्या होत्या ते सापडलं होतं, आणि त्याचं आता काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं.

"डाक्टर काय म्हनले वो?" दत्तोबांनी विचारलं. "कशानं गेलं लेकरू?"

चौकीत सांगायला जुळवलेलं सगळं ललिताबाईंच्या ओठांवर होतं. राग गेला नव्हता. पण समोरचा म्हातारा वाटी छातीशी धरून उत्तराची वाट बघत होता.

"वय झालं होतं," त्या म्हणाल्या. भुऱ्या जेमतेम पाच वर्षांचा होता.

दत्तोबांनी उपरण्याने डोळे पुसले.

"आजबी त्याचा वाटा काढलाच बगा, सवयीनं. खाली वॉचमनच्या कुत्रीची पिल्लं हायत. आता त्यास्नी देत जाईन म्हनतो."

"नको!"

दत्तोबा दचकले. ललिताबाईंनी आवाज खाली आणला.

"पिल्लांना नको. मला द्या."

"तुमाला? पर ह्यो परसाद…"

"प्रसाद म्हणून नाही घेणार. मनुका म्हणून घेईन. आजपासून भुऱ्याचा वाटा माझा. रोज. दुसऱ्या कुणालाही द्यायचा नाही, सांगून ठेवते."

दत्तोबांनी मूठभर मनुका त्यांच्या तळहातावर ठेवल्या आणि ते बघत उभे राहिले. ते बघत होते, म्हणून ललिताबाईंनी त्या तिथेच, दारात उभ्या राहून, सगळ्या खाल्ल्या.