सात वॅटचा आवाज

धंद्याच्या जागी वीज कुठे वाया जाते, ते हुडकून काढायचं हे त्याचं काम. सगळे त्याला वॅटमामा म्हणत. बंद दाराआडचा जळता बल्ब आपल्याला वासावरून कळतो, असं तो सांगे. ऐकणाऱ्याने मान डोलावली की एका बल्बचे तीन होत.

लॉण्ड्रीवाल्या ताईंनी त्याला आत घेताच आधी फळीवरचा डबा दाखवला. गिऱ्हाइकांचे नंबर पुकारणारं जुनं यंत्र. आवाज त्यांच्या नवऱ्याचा. त्याला जाऊन चार वर्षं झाली होती.

"बाकी हवं ते बंद करा मामा, पण याची वीज तोडू नका. आतली बॅटरी मेलीये. वीज गेली की आवाज पुसला जाईल. नवी बॅटरी उद्या येतेय."

"मोबाईलवर घेऊन नाही ठेवला?"

"रोज कानावर पडतोय, तेव्हा सुचलंच नाही."

"निर्धास्त राहा," मामा म्हणाला, आणि ते त्याने अगदी मनापासून म्हटलं होतं.

त्याची रीत ठरलेली. एकेक बटण बंद करायचं आणि मीटर किती उतरतो ते बघायचं. त्याआधी कुठली वायर कुठे जाते ते हाताने चाचपायचं. नव्या पोरांना तो हेच पहिलं शिकवी. पण आज त्याला गोष्ट सुचली होती.

"एका बर्फाच्या कारखान्यात पंखा इतकी वर्षं चालू होता ताई, की मी तो थांबवला आणि कारखानाच गरगर फिरायला लागला. मालक पुढच्या दाराने शिरला तो मागच्या गल्लीत निघाला."

"काहीतरीच तुमचं," ताई म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून हसल्या. मामाला चेव आला.

"पुढे तर ऐका," म्हणत त्याने ड्रायरचं बटण खाली ओढलं.

फळीवरचा हिरवा दिवा विझला. डब्याची वायर कपाटामागून ड्रायरच्याच बोर्डात गेली होती.

मामाने बटण झटकन वर केलं. दिवा लागला. ताईंनी सत्तावीस दाबलं. डबा नुसता खरखरला. त्यांनी पुन्हा दाबलं. मग एक दाबलं, मग दोन.

"ताई, मी..."

"किती वीज खायचा हो हा?"

मामाने आयुष्यात पहिल्यांदा आकडा फुगवला नाही. "सात वॅट."

"म्हणजे?"

"काहीच नाही."

बाहेर बाकावर एक गिऱ्हाईक खोळंबलं होतं. ताईंचं बोट अजून सत्तावीसच्या बटणावरच होतं. शेवटी मामाच दारात गेला आणि हळूच म्हणाला, "सत्तावीस नंबर."