स्मोट म्हणजे घोडा

स्मोट. क्रियापद. घोडा.

भिंगारच्या घरात महिनाभर हेच. अम्मी शिलाई मशीन चालवता चालवता शब्द पुकारते, फरहीन मशीनच्या पायडलच्या ठेक्यात उत्तर देते. अम्मीला इंग्रजी वाचता येत नाही. ऐकून ऐकून पाठ झालंय.

"अम्मी, क्रियापदाचा अर्थ घोडा कसा?"

"इंग्रजांचं मला विचारतेस? पुढचा घे."

योर. नाम. मारलं.

अनॉन. क्रियाविशेषण. फार जुना काळ.

आज सावेडीतल्या शाळेत मुलाखत. इंग्रजीच्या शिक्षिकेची जागा एक. जुन्या कवितांतले शब्द विचारतात म्हणे. मोबाईल वॉचमनकडे जमा. बाकावर शेजारी अनन्या, बी.एड.ची मैत्रीण, पाठ केलेली यादी तिचीच. फरहीनचं पुटपुटणं ऐकते.

"स्टीड म्हणजे घोडा गं."

"स्मोट म्हणजे घोडा."

"येडी का तू? झेरॉक्सवाल्यानं दोन तुकडे काढले ना? इकडे शब्द, तिकडे अर्थ. चिकटवले कुणी?"

"मी."

"मग अर्थ एक ओळ खाली चिकटवलेस."

खरं सांगतेय? की जागा एकच आहे म्हणून?

आतून हाक आली.

पुष्पावती मॅडम, मुख्याध्यापिका. "योर?"

"नाम." एवढं नक्की, ते शब्दाच्याच तुकड्यावर होतं.

"अर्थ?"

मारलं. तोंडात आलेलं गिळलं. एक ओळ खाली. अनॉन. फार जुना. म्हणजे योर... "फार जुना काळ, मॅडम."

मॅडम कागदावर खूण करतात. बरोबरची की चुकीची, दिसत नाही.

"पाय का हलवताय?"

"मशीन... नाही, अर्थ शोधतेय."

"शोधा. मग फळ्यावर जा. आम्ही पाचवीची पोरं. एक शब्द शिकवा. मराठीत बोलायचं नाही."

खडू हातात आणि एकच शब्द आठवतो, यादीतला पहिला. हिदर. त्याच्यासमोर रकान्याचा मथळाच आला होता. तोही पाठ केला: हिदर, क्रियाविशेषण, अर्थ.

त्याच्या खाली थिदर. त्याच्यापुढे 'इकडे'. अनन्या खरं बोलली असेल तर ते हिदरचं. नसेल तर?

फरहीन हात पुढे करते, बोटं आपल्याकडे वळवते. "हिदर!"

खुर्ची सरकते. मॅडम उठतात, टेबलाला वळसा घालून येतात. खडू काढून घ्यायला?

समोर येऊन हाताची घडी घालतात.

"आले, टीचर. आता परत जागेवर पाठवा."

त्याखालच्या व्हेन्सपुढे 'तिकडे'. म्हणजे थिदर तिकडे. की आणखी एक ओळ खाली?

मॅडम उभ्याच. फरहीन दरवाजाकडे बघते, खुर्चीकडे बघते, आणि खुर्चीकडे बोट करते. "थिदर!"