टोपलीखालचा फोन

तथ्य : मोबाइलजवळ गेलेली मुंगी घरचा रस्ता विसरते.

हे महादेवकाकांनी सांगितलं. त्यांना मुंगीने सांगितलं असावं.

आमच्याकडच्या मुंग्या राउटरच्या वायरवरून रांगेने साखरेच्या डब्यापर्यंत बिनचूक येतात. बाबांना दाखवलं.

"येते, हे पाह्यलं तू," बाबा म्हणाले. "परत घरी पोचते का, ते पाह्यलं का?"

नाही पाहिलं. कबूल.

बाबा म्हणजे देवराव. कुही तालुक्यातल्या शाळेत आयुष्यभर विज्ञान शिकवलेले. देव नाही, भूत नाही, भानामती नाही, ताईत नाही, गंडा नाही.

राउटर आहे.

निवृत्त होऊन ते नागपूरला प्रताप नगरात आले, मी घरात इंटरनेट घेतलं, आणि त्याच आठवड्यात त्यांचं डोकं दुखू लागलं. दोन गोष्टी एकाच आठवड्यात घडल्या म्हणून एक दुसरीमुळे घडली असं होत नाही, हे मला कोणी शिकवलं असेल? सातवी ब, बाक दुसरा, बाबा फळ्यापाशी.

तथ्य : जरीच्या कापडातून लहरी आरपार जात नाहीत.

महादेवकाका बाबांचे सकाळच्या फिरण्यातले मित्र. गांधीबागेत कापडाचं दुकान. लग्नसराईतून जरीचा एक तागा उरला होता, आणि विज्ञान त्याच्यापर्यंत अगदी वेळेवर पोचलं. तेव्हापासून बाबा नागपुरात, मे महिन्यात, जरीची टोपी घालून, कूलर बंद करून (मोटारीच्या लहरी) बसतात. सिलिंडर घेऊन आलेला माणूस विचारून गेला, "काकाजी, बारात कब है?"

बाबांना फोन सोसत नाही, म्हणून काका ही तथ्यं झेरॉक्स करून आणतात. एका पानावर चार पानं. कागद वाचतो म्हणे.

तथ्य नव्हे, नुसतंच खरं : माझी नोकरी घरून चालते. घरी इंटरनेट नसेल, तर एक तारखेपासून पुण्याच्या ऑफिसात.

"राउटर काढ."

"मग मी पुण्याले जाते."

"पुण्याले काहून वं?"

"राउटर काढला म्हणून."

"राउटर तर काढाच लागते."

"मग पुण्याले."

"पुण्याचं नाव नको घेऊ. आईले करमणार नाही."

"माह्यावर नका ढकलू," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "तुमाले करमणार नाही, तसं सांगा."

बाबांनी कपाळ दाबलं. लहरी.

आता भगताची गोष्ट. आमच्याकडे आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ती ऐकावीच लागते, चहा त्यानंतर.

कुहीकडच्या एका गावात एक भगत होता. मंतरलेलं लिंबू झाकलेलं असलं तरी त्याच्या तळहाताला चटका देतं म्हणे. बाबांनी भर चावडीवर तीन टोपल्या पालथ्या घातल्या. एकीखाली मंतरलेलं लिंबू, बाकी दोन्हींखाली साधी. ओळख. असं पाच वेळा. भगताला दोनदा जमलं. गाव हसलं, तेव्हा भगत म्हणाला, "इथं कोणाच्या तरी मनात शंका हाय. शंका असली का शक्ती काम नाही करत."

या वाक्यावर बाबा ठसका लागेपर्यंत हसतात. दर वेळी. आई पाणी तयार ठेवते.

रविवारी सकाळी काका आलेले असताना मी तीन टोपल्या आणून बाबांपुढे ठेवल्या.

बाबांनी टोपल्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. आणि टोपीखालचा मास्तर जागा झाला.

"ठेवणारा माणूस इथं थांबणार नाही. चेहऱ्यावरून समजते. ठेवताना आपण तिघं गॅलरीत. फोन चालू पाहिजे, व्हिडिओ लावून, आवाज बंद. आणि हे," त्यांनी टोपी काढली, "हे नको. यंत्र उघडं पाहिजे."

"देवराव, काहाले पोरीच्या नादी लागता गा?" काका म्हणाले.

"महादेवराव, चाचणी म्हणजे चाचणी."

आईने फोन झाकला आणि आत गेली. आम्ही गॅलरीतून आलो. बाबांनी डोळे मिटून टोपल्यांवरून हात फिरवला.

"हे."

रिकामी.

दुसऱ्या वेळी फोन निघाला. काका टाळ्या पिटत म्हणाले, "पाह्यलं! मी बोललो होतो!"

तिसऱ्या वेळी रिकामी. चौथ्या वेळी बाबांच्या कपाळावर घाम आला, ते मटकन खाली बसले. मी घाबरले. खरंच घाबरले. "हे," ते म्हणाले. "शंभर टक्के. डोकं फुटून राहिलं माहं."

मी टोपली उचलली. फरशी.

पाचव्यांदाही फरशी.

आई पदराला हात पुसत आली. "किती?"

"एक," मी म्हटलं.

"भगताचे दोन होते ना हो?"

"भाभीजी, आज हवा ढगाळ आहे," काका म्हणाले. बाहेर ऊन असं होतं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं.

बाबांनी मान वर केली. "त्याचं काय आहे, इथं कोणाच्या तरी मनात..."

वाक्य तिथेच थांबलं. पुढचं आम्हा तिघांना पाठ होतं. आईने सवयीने पाण्याचा पेला उचललासुद्धा. कोणी हसलं नाही.

मग बाबांनी टोपी काकांच्या हातात ठेवली.

"घेऊन जा, महादेवराव."

"काहून गा?"

"बारात निघून गेली."

काका गेले. बाबा टोपल्या एकात एक रचत बसले. बराच वेळ रचल्या. तीनच होत्या.

"डोकं दुखते, मेघा. ते खोटं नाही."

"मी कुठं खोटं म्हटलं?"

खुर्चीवर तथ्यांचा गठ्ठा होता. वरचा कागद मी उचलला. अक्षरं मुंग्यांएवढी. मलाही डोळे बारीक करावे लागले.

"बाबा, हा चष्मा कधीचा?"

"शाळेतला."

"शाळेत होते तेव्हाचा?"

"काच चांगली आहे अजून."

आईने कपाळावर हात मारला. तिचंही दुखत असावं.

बाबा उठले. कूलर लावला. त्याच्यासमोर उभे राहून त्यांनी विरळ केस वाळवले. मग राउटरपाशी गेले, त्याच्यावरची मुंगी फुंकून उडवली, बटणाला हात लावला नाही.

"मेघा, चष्म्याचं एखादं दुकान पाह्य वं. नेटवर."

"पाहते."

"इथलं पाह्यजो," ते म्हणाले. "पुण्यातलं नको."