बिनधुराचा विस्तव

दवाखान्यातून निघताना डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन बजावलं, नातू पावणेदोन किलोचाच आहे, त्याच्या नाकात धूर जाता कामा नये. शिवानी, माझी लेक, पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे तळ्याजवळच्या गावी आलेली, आणि आमची चूल घरातच. गॅस आहे, पण न्हाणाचं दोन-दोन हंडे पाणी काय गॅसवर तापवू?

मग मी हट्टालाच पेटले. ओली लाकडं अंगणात फेकली. माळ्यावरची वर्षभर वाळलेली ऐनाची लाकडं काढून ह्यांच्याकडून बोटाएवढ्या चिरफळ्या करून घेतल्या. रोज आधी राख ओढायची, म्हणजे खालून वारा लागतो. दोन-दोनच चिरफळ्या, टोकं तेवढी आत, जळतील तशी पुढे सरकवायची. कोंबून भरलं की धुमसलंच. छपरावरच्या धुराच्या पाइपातली काजळीही काढायला लावली. हे मला चिडवायचे, काशी चुलीला चमच्यानं भरवते. म्हणू देत! आठ दिवसांत हंड्याचं बूड काळं व्हायचं थांबलं. शेजारणींना बोलावून दाखवलं मी, हो, दाखवलंच.

बाराव्या दिवशी गार वारा सुटला. बाळंतिणीला शेक हवाच. मला माझ्या आईनं दिला, तिला तिच्या आईनं. चुलीतले लालबुंद निखारे शेगडीत भरले आणि शेगडी बाजेखाली सरकवली. खिडकी लावून घेतली. धुराचा मागमूस नव्हता, मग भीती कसली?

तासाभरानं बघायला गेले, तर शिवानी म्हणाली, "आये, डोकं लय जड झालंय. मळमळतंय."

सारखा मोबाइल बघतेस, जरा झोप काढ, म्हणून मी तिलाच झापलं. दार ओढलं, खालच्या फटीत गोधडी कोंबली आणि भाकऱ्या थापायला बसले.

बाळ दर दोन तासांनी दुधासाठी रडायचं. भाकऱ्या झाल्या, आमटी झाली, तरी आवाज नाही. आधी बरं वाटलं, निजलाय गुणी. मग घड्याळ बघितलं, दोन तास कधीच उलटून गेले होते. आत जाऊन शिवानीला हलवलं, तर ती नुसतीच काहीतरी बरळली. बाळ उचललं, तर मान लुळी. माझंच डोकं गरगरलं, तेव्हा कळलं, ह्या खोलीतच काहीतरी बिघडलंय. माझी हाक ऐकून हे धावत आले. मी बाळाला पडवीत आणलं, ह्यांनी लेकीला ओढत आणलं. बाळाच्या तळपायावर टिचक्या मारताना मी देवाला काय काय बोलले, ते आता सांगवत नाही. किती वेळ गेला कोण जाणे. मग ते मांजराच्या पिलाएवढं रडलं.

दवाखान्यात दोघांनाही ऑक्सिजन लावला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, कोंडलेल्या खोलीत निखाऱ्यांतून विषारी वायू सुटतो, त्याला ना रंग ना वास. धूर असता तर दोघं खोकली असती, मी खिडकी उघडली असती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, बाळंतिणीनं आधी काही त्रास सांगितला होता का. शिवानीनं माझ्याकडे बघितलं. तोंडावरचा मास्क बाजूला करून म्हणाली, "न्हाय. मी झोपलेली."

पोरगी मला वाचवत होती. एवढं होऊनही.

"सांगितलं होतं तिनं," मी म्हणाले. "मीच ऐकलं न्हाय."