सातशे फेरे

उचगावच्या म्हसोबाच्या देवळाबाहेर पत्र्याची एक पाटी होती. तिच्यावर वर्षानुवर्षं एकच नाव होतं : नबीलाल, सन १९६३, आठ मिनिटं चाळीस सेकंद. गावच्या बैलगाडी शर्यतीत त्याच्याहून जलद गाडी कुणी पळवली नव्हती. गेल्या वर्षी, म्हणजे एक्क्याऐंशी साली, वीरभद्र नावाच्या पोरानं सात मिनिटं पंचवीस सेकंदांत गाडी पोचवली. यंदा शर्यतीचं पंचविसावं वर्ष होतं. पंचांनी पाटी नव्यानं रंगवायची ठरवली होती.

"चाचा, रंगारी रविवारी शर्यत झाली की येतोय," चहावाला केरबा नबीलालच्या भट्टीपाशी बसून म्हणाला. तो पंचांपैकी एक होता. "तुमचं नाव पुसाय लागंल. वाईट वाटून घिऊ नगा."

"मला कशाला वाईट वाटतंय?" चाकाला लोखंडी धाव चढवता चढवता नबीलाल म्हणाला. "पोरगं जोरात हाय."

"जोरात म्हंजे? सव्वा मिनिट! तुमच्या येळंला बैलं झोपत झोपत पळायची काय वं?"

केरबा हसत निघून गेला. नबीलालही हसला होता. पण दुपारी त्यानं अर्धी भाकरी ताटात तशीच ठेवली. सलमानं ते पाहिलं. कोल्हापुरात हायस्कुलात विज्ञान शिकवणारी त्याची ही मुलगी कमी बोलायची आणि बारीकसारीक पाहायची. अब्बांनी शर्यत सोडून बारा वर्षं झाली होती. चाकं ते अजून बनवत, पण त्या पाटीखालून जाताना त्यांची मान जरा ताठ व्हायची, हेही तिनं पाहिलेलं होतं.

तिसऱ्या प्रहरी नबीलालनं एक चाक बाहेर काढलं आणि त्याच्या कडेला तांबडी चिंधी बांधली. शर्यतीची लांबी मोजायचा मान त्याचा. गावात मोजायची रीत एकच : देवळापासून चाक लोटत न्यायचं, चिंधी खाली आली की एक फेरा धरायचा, आणि सातशे फेरे भरले की तिथं निशाण रोवायचं.

"अब्बा, पहिल्यापासून हेच चाक हाय?"

"न्हाय गं. जुनं जड हुतं. बारा वर्षांमागं रस्ता डांबरी झाला तवा शर्यत माळावर नेली, त्याच साली मी हे हलकं केलं. आजकालच्या गाड्यांना असलंच बसतंय. जुनं काय, ते बघ की."

जुनं चाक भट्टीमागच्या भिंतीला टेकून होतं आणि त्याच्या आऱ्यांवर कोंबड्या बसल्या होत्या. सलमा त्याच्याजवळ उभी राहिली. चाक तिच्या कपाळाला लागत होतं. नवं चाक तिच्या खांद्याच्या वर येत नव्हतं.

तिनं घरातून सुतळी आणि टेप आणली. कोंबड्या हाकलल्या, सुतळी जुन्या चाकाभोवती गुंडाळली, मग नव्या. दोन्ही चाकं दोनदोनदा मोजली. जुनं पंधरा फूट नऊ इंच. नवं तेरा फूट चार इंच.

"अब्बा, फेरे सातशेच राहिले, पण चाक लहान झालं. शर्यत जवळजवळ सतराशे फुटांनी आखूड झालीय."

नबीलालनं हातोडा खाली ठेवला. "म्हंजे बारा वर्षं मी चुकीचं मोजतोय?"

"व्हय. आणि वीरभद्रचा वेग काढला तर सेकंदाला जेमतेम एकवीस फूट. तुमचाबी एकवीसच. दोन इंच जास्त."

त्यानं एकदा जुन्या आणि एकदा नव्या चाकाकडे पाहिलं. मग एकदम खो खो हसायला लागला. "आयला! माझं नाव मीच पुसाय निघालतो की!"

"पंचांना सांगू?"

"त्या पोराला आधी सांग. पाठीमागनं नगं."

वीरभद्र संध्याकाळी बैल धुऊन परत येताना भट्टीपाशी भेटला. पंचविशीतला, दणकट पोरगा. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि दोन्ही चाकांना हात लावून पाहिला.

"बाई, हिशोब बरोबर असंल," तो म्हणाला, "पण आखूड शर्यतीचं नाव मला नगं. रविवारी जुन्या चाकानं मोजा. मी पुरं पळवतो. चाचा, मग बघू."

"बघू की!" नबीलाल म्हणाला. त्या रात्री तो दीड भाकरी जेवला.

रविवारी सकाळी नबीलालनं जुनं चाक लोटलं. वीरभद्र शेजारून चालत फेरे मोजत होता. निशाण ओढ्याच्या पार गेलं, तेव्हा जमलेली माणसं चक्रावली. केरबा ओरडला, "चाचा, बैलं कर्नाटकात न्हेताय का काय?"

सलमानं पंचांना दोन्ही चाकांचा हिशोब समजावला. मग शर्यत झाली. वीरभद्रची गाडी पहिली आली. वेळ मोजणाऱ्या आकाराम मास्तरांनी घड्याळ बघून सांगितलं, "आठ मिनिटं एक्कावन्न!"

अकरा सेकंद जास्त. माणसांनी नबीलालच्या पाठीवर थापा मारल्या. वीरभद्र घामेजलेल्या बैलांची मान खाजवत उभा होता. रंगारी ब्रश घेऊन केरबाकडे बघत होता.

"म्हंजे नाव चाचांचंच," केरबा म्हणाला.

"थांबा," नबीलाल म्हणाला. "मी रस्त्यावर पळवलीया. हा माळावर. मधी ओढा, चढ, ढेकळं. रस्ता असता तर पोरानं मला मागं टाकलं असतं."

"अब्बा, ते मोजता येत न्हाय," सलमा हळूच म्हणाली. "शिवाय बैल वेगळे, गाडी वेगळी."

"तुला न्हाय येत. मी दोन्हीवर गाडी हाकलीया." तो रंगाऱ्याकडे वळला. "माझं राहू दे वर. त्याच्याखाली ह्याचं लिव्ह. वेळ लिव्ह, आणि रस्ता का माळ तेबी लिव्ह. अक्षरं सारख्या मापाची काढ."

रस्ता का माळ हे लिहायचं सलमालाही सुचलं नव्हतं.

वीरभद्रनं वाकून नबीलालच्या पायाला हात लावला. "पुढच्या साली वरचं नाव माझं असंल, चाचा."

"ये की! चाक मीच लोटणार हाय."

जुनं चाक घरी आणल्यावर नबीलालनं ते झाडून पुसून दाराशी उभं केलं. कोंबड्यांनी दोन दिवस कुरकुर केली, मग त्या भिंतीपाशी ठेवलेल्या धाकट्या चाकावर जाऊन बसल्या.